तलवार डॉनकाठची, वर्दी जर्मन, पुस्तकं अमेरिकेत

‘गोल्डनआय’ (१९९५) या बाँडपटातला खलनायक आठवतोय? ॲलेक ट्रेव्हेलियन, एजंट ००६. हा गडी ब्रिटनवर उलटतो, कारण त्याचे आईवडील ‘लिएन्झ कोसॅक’. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडून लढलेले, मग इंग्रजांना शरण आलेले आणि इंग्रजांनी गुपचूप स्टालिनच्या हवाली केलेले. सिनेमा हे सगळं मिनिटभरात उरकतो आणि पुन्हा हाणामारीकडे वळतो. (ट्रेव्हेलियन झालेला शॉन बीन जन्मला १९५९ साली. १९४५ चा सूड उगवायला गडी वयाने जरा लहानच. पण बाँडपटात वयाचा हिशेब मांडायला कोण बसलंय!)

ज्यांचं त्या एका मिनिटात भागत नाही, त्यांच्यासाठी पुस्तकं आहेत. ती हुडकायची तर मॉस्को किंवा बर्लिनची वाट धरावी असं वाटेल, पण अमेरिकेत जितका ऐवज सापडतो तितका इतरत्र एका जागी क्वचितच. कारण सरळ आहे. जर्मन लष्कराचे जप्त केलेले कागद अमेरिकेने आपल्याकडे नेले, आणि जिवंत राहिलेल्या कोसॅकांपैकी पुष्कळ जण ट्रंका-वळकट्या घेऊन तिथेच जाऊन राहिले. हरलेल्यांची बाजू आणि जिंकलेल्यांचं दप्तर, दोन्ही एकाच देशात.

झारचे शिलेदार

कोसॅक कोण हे मराठी वाचकाला फार समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे बारगिराचा घोडा सरकारी आणि शिलेदाराचा स्वतःचा. कोसॅक म्हणजे झारचा शिलेदार. घोडा त्याचा, वर्दी त्याची, तलवार त्याची. बदल्यात जमीन आणि आपला अतामान, म्हणजे म्होरक्या, निवडण्याची परंपरा. डॉन, कुबान, तेरेक ही त्यांच्या मोठ्या जथ्यांची नावं आणि नद्यांचीही.

१९१७ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य बोल्शेविकांविरुद्ध लढले आणि हरले. १९१९ पासून नव्या सत्तेने त्यांच्यावर वरवंटा फिरवला. त्यामुळे १९४२ साली जर्मन फौजा डॉन-कुबानपर्यंत पोहोचल्या तेव्हा काही कोसॅक त्यांना जाऊन मिळाले. यातला ‘काही’ हा शब्द अधोरेखित करावा. लाल सेनेतही कुबान आणि डॉन कोसॅकांची गार्ड्स घोडदळ कोअर होती आणि ती जर्मनांशी जिवावर उदार होऊन लढली. एखाद्या पुस्तकात पहिल्या पन्नास पानांत ही गोष्ट आली नाही तर लेखकाचा कल कुठे आहे ते ओळखावं.

गॉथ असल्याचा दाखला

नाझींची पंचाईत अशी, की त्यांच्या वंशशास्त्रात स्लाव म्हणजे हलके लोक. मग त्यांच्या हाती बंदूक द्यायची कशी? तोडगा निघाला : कोसॅक मुळी स्लाव नाहीतच, ते प्राचीन जर्मानिक गॉथ टोळ्यांचे वंशज! गरज पडली की वंशावळ हवी तशी वळवता येते, हे आपल्याकडच्या भाटांनाही ठाऊक होतं. एप्रिल १९४२ मध्ये हिटलरने कोसॅक पथकांना रीतसर मान्यता दिली. १० नोव्हेंबर १९४३ ला कायटेल आणि रोझेनबर्ग या नाझी बड्यांच्या सहीने जाहीरनामाही निघाला : तुमची जमीन, तुमचे हक्क सगळं परत देऊ. तोवर डॉन आणि कुबान दोन्ही प्रांत जर्मनांच्या हातून निसटले होते. म्हणजे जी जमीन ताब्यात नाही तिचंच दानपत्र.

पाणतीर कारखान्यातलं दप्तर

वॉशिंग्टनच्या शेजारी, पोटोमॅक नदीच्या काठी अलेक्झांड्रिया नावाचं देखणं गाव आहे. तिथल्या टॉर्पिडो फॅक्टरीत आज चित्रकार-शिल्पकारांचे स्टुडिओ आहेत. १९७४ पासून ते कलाकेंद्र आहे. या कारखान्याचा मुहूर्तच मजेशीर. बांधकाम सुरू झालं १२ नोव्हेंबर १९१८ ला, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी. सरकारी कामाचा वक्तशीरपणा जगात सगळीकडे सारखाच.

दुसऱ्या महायुद्धात मात्र इथे खरोखर पाणतीर बनले, आणि युद्धानंतर याच इमारतीत जप्त केलेली जर्मन कागदपत्रं येऊन पडली. पुढे अमेरिकी इतिहासकारांच्या पुढाकाराने त्यांचे मायक्रोफिल्म रोल तयार झाले आणि मूळ कागद टप्प्याटप्प्याने जर्मनीला परत गेले. ते रोल आज नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. जर्मन डिव्हिजनांची कागदपत्रं टी-३१५ या मालिकेत, हिमलरच्या कार्यालयाची टी-१७५ मध्ये. कोसॅकांवरचं कोणतंही पुस्तक हातात घेतलं की मागच्या टिपांमध्ये हे ‘टी’वाले आकडे दिसतात का ते पाहावं. दिसले तर लेखकाने धूळ खाल्ली आहे. न दिसले तर त्याने दुसऱ्या कुणाचं पुस्तक खाल्लं असण्याची शक्यता जास्त.

पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

सॅम्युएल न्यूलँड यांचं ‘कोसॅक्स इन द जर्मन आर्मी, १९४१–१९४५’. फ्रँक कासने १९९१ मध्ये छापलेलं, जेमतेम दोनशेवर पानांचं. न्यूलँड हे पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या आर्मी वॉर कॉलेजात शिकवणारे, त्यामुळे शैली बेताची, वर्गात फळ्यावर लिहिल्यासारखी. पण या विषयावरच्या बऱ्याच पुस्तकांना जो घोडे-मिशा-तलवारीचा ज्वर चढतो, तो यांना चढत नाही आणि हा मोठाच गुण आहे.

यात भेटणारी माणसं एकेक वल्ली आहेत. इव्हान कोनोनोव्ह हा लाल सेनेचा मेजर ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मनांना जाऊन मिळाला आणि त्यांच्यासाठी त्याने कोसॅक तुकडी उभी केली. युद्धानंतर परतपाठवणीतून निसटला, थेट ऑस्ट्रेलियात पोहोचला आणि १९६७ साली ॲडलेडमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. एवढ्या रणधुमाळीतून तरलेला माणूस शेवटी मोटारीने नेला.

हेल्मुट फॉन पानविट्झ हा त्याच्या उलट. सायलीशियातला जर्मन, जातिवंत घोडदळवाला. १९४३ साली पोलंडमधल्या म्लावा इथे त्याच्या हाताखाली पहिली कोसॅक घोडदळ डिव्हिजन उभी राहिली. सैनिकांना वाटत होतं, आता रशियात जाऊन स्टालिनशी दोन हात करायचे. पाठवलं कुठे, तर युगोस्लाव्हियात, टिटोच्या छापामारांवर. लाल सेनेशी मोठी गाठ पडली ती पार डिसेंबर १९४४ च्या नाताळात, क्रोएशियातल्या पिटोमाचा गावाजवळ. १९४५ च्या मार्चमध्ये त्यांनी या जर्मनालाच आपला अतामान निवडलं. पुढे इंग्रज कोसॅकांना सोव्हिएतांच्या हवाली करू लागले तेव्हा पानविट्झ जर्मन नागरिक असल्याने बाजूला राहू शकला असता. तो आपल्या माणसांबरोबर गेला आणि जानेवारी १९४७ मध्ये मॉस्कोत फासावर चढला. १९९६ मध्ये रशियाने त्याला निर्दोष ठरवलं, २००१ मध्ये तो निर्णय फिरवला. मेल्यावरही तारखा पडतच राहिल्या.

इथे एक कसोटी सांगून ठेवतो. पुस्तक हातात घेतलं की मागची सूची उघडावी आणि ‘क्रोएशिया’ शोधावं. या डिव्हिजनने तिथे लूट, जाळपोळ, बलात्कार केल्याच्या तक्रारी खुद्द जर्मनांच्या मित्रपक्षांनी केल्या होत्या. १९४४ चा वॉर्सातला उठाव चिरडणाऱ्यांतही कोसॅक तुकड्या होत्या. ज्या पुस्तकात १९४५ चा विश्वासघात दोनशे पानं आणि क्रोएशिया दोन ओळी, ते पुस्तक म्हणजे वकीलपत्र आहे. वकीलपत्रही वाचावं, पण ते वकीलपत्र आहे हे ध्यानात ठेवून.

बटाट्याच्या गावची प्रत

अशा वकीलपत्राचा नमुना हवा असेल तर पीटर हक्सली-ब्लाइथ यांचं ‘द ईस्ट केम वेस्ट’ शोधा. १९६४ चं, छापलं कॅक्स्टन प्रिंटर्सने, आयडाहो राज्यातल्या कॉल्डवेल गावात. आयडाहो म्हटलं की अमेरिकनांना फक्त बटाटे आठवतात. पण हीच कॅक्स्टन आयन रँडचं ‘ॲन्थम’ही छापत असे. लेखक महाशय इंग्रज, ऐन उमेदीत तिकडच्या कडव्या उजव्या गटात वावरलेले. हे कळल्यावर पुस्तकातला सूर नीट ऐकू येतो. तरी त्यात तेव्हा हयात असलेल्या लोकांकडून मिळवलेला मजकूर आहे, म्हणून संग्राहक अजून त्याच्या मागे असतात.

एका कार्डाची गोष्ट

आता माझी आवडती हकिकत. ज्युलियस एप्स्टाइन, व्हिएन्नात जन्मलेला, नाझींमुळे अमेरिकेत आलेला पत्रकार. १९५४ मध्ये अलेक्झांड्रियातल्या लष्करी कागदपत्रांच्या विभागात तो कार्ड कॅटलॉग चाळत होता. खणातल्या एका कार्डावर लिहिलं होतं, विस्थापित सोव्हिएत नागरिकांची सक्तीने परतपाठवणी; आणि पुढे सांकेतिक नाव : ऑपरेशन कीलहॉल.

कीलहॉल ही जुन्या काळातली आरमारी शिक्षा. गुन्हेगार खलाशाला दोराने बांधायचं आणि जहाजाच्या तळाखालून एका बाजूने दुसऱ्या बाजूला ओढायचं. तळाला चिकटलेल्या शिंपल्यांनी अंग सोलून निघे. ज्या कुणी अधिकाऱ्याने हे नाव निवडलं, त्याला आपण काय करतोय ते पुरेपूर माहीत होतं.

एप्स्टाइनने फाइल मागितली. उत्तर : अतिगोपनीय. फाइल आहे हे कार्ड सांगतंय, पण फाइल मिळायची नाही! गडी चिवट. कॅलिफोर्नियात हूवर इन्स्टिट्यूशनमध्ये बसून वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिला. १९६७ मध्ये अमेरिकेत माहितीस्वातंत्र्याचा कायदा अमलात आला (आपल्याकडे महाराष्ट्राचा कायदा २००२ मध्ये आणि देशाचा २००५ मध्ये आला) आणि त्याने थेट लष्कर खात्याचे मंत्री स्टॅन्ली रिझर यांच्यावर दावा ठोकला. ‘एप्स्टाइन विरुद्ध रिझर’ हा त्या कायद्याखालच्या सुरुवातीच्या गाजलेल्या खटल्यांपैकी एक. १९७० मध्ये तो अपिलात हरला आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. अमेरिकी सरकारचं म्हणणं, आमची हरकत नाही हो, पण कागद दोघांचे आहेत, इंग्रजांची संमती हवी. इंग्रज संमती देईनात. इकडचा टेबलवाला तिकडच्या टेबलकडे बोट दाखवतो, हा अनुभव घ्यायला अटलांटिकही आडवा येत नाही.

शेवटी १९७३ मध्ये डेव्हिन-अडेअर या प्रकाशनाने एप्स्टाइनचं ‘ऑपरेशन कीलहॉल’ काढलं. ज्या फाइलसाठी भांडला ती फाइल हाती न पडताच लिहिलेलं पुस्तक. म्हणून त्यात राग भरपूर आणि कागद कमी. दोन वर्षांनी तो वारला. तोवर लंडनमध्ये युद्धकाळाचे कागद खुले व्हायला लागले होते आणि निकोलस बेथेल यांचं ‘द लास्ट सीक्रेट’ (१९७४) त्यांच्याच जोरावर उभं राहिलं. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचावीत : आधी ज्याला दार उघडलं नाही त्याचं, मग ज्याला उघडलं त्याचं.

सायक्लोस्टाइलवरचा इतिहास

लिएन्झ हे ऑस्ट्रियातलं, द्राऊ नदीकाठचं गाव. मे १९४५ मध्ये उत्तर इटलीतून डोंगर ओलांडून हजारो कोसॅक बायकामुलांसह, गाड्या-घोड्यांसह तिथे उतरले आणि इंग्रजांना शरण गेले. २८ मे रोजी अधिकाऱ्यांना सांगितलं, ‘परिषदेला चला.’ ट्रक सोव्हिएतांच्या ताब्यात देण्यासाठीच निघाले होते. १ जूनला पेगेट्झच्या छावणीत उघड्यावर प्रार्थना चालू असताना सैनिक लोकांना ओढून काढू लागले. काहींनी नदीत उड्या घेतल्या.

यातला बोचरा तपशील असा : याल्टा करारानुसार परत पाठवायचे होते ते सोव्हिएत नागरिक. पण जनरल प्योत्र क्रास्नोव्ह किंवा आंद्रेई श्कुरो यांच्यासारखे कित्येक जण १९२० च्या आसपासच रशिया सोडून गेलेले. सोव्हिएत नागरिक ते कधी नव्हतेच. श्कुरोला तर १९१९ च्या यादवीत इंग्रजांनीच ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ देऊन गौरवलं होतं. ज्यांनी छातीवर पदक लावलं, त्यांनीच ट्रकमध्ये चढवलं.

या सगळ्याच्या साक्षी कुणी गोळा केल्या? व्याचेस्लाव नाउमेंको या कुबान कोसॅकांच्या वृद्ध अतामानाने, न्यू यॉर्क राज्यातल्या ऑरेंजबर्ग नावाच्या छोट्या गावात बसून. वाचलेल्यांना पत्रं टाकायची, आलेलं उत्तर टंकलिखित करायचं, सायक्लोस्टाइल काढून वाटायचं. १९५३ पासून त्यांनी असे अंक काढले आणि त्यांतूनच ‘वेलिकोये प्रेदातेल्स्त्वो’ हे दोन खंडी रशियन पुस्तक न्यू यॉर्कमध्ये निघालं, पहिला खंड १९६२ मध्ये, दुसरा १९७० मध्ये. अलीकडे ते इंग्रजीतही आलं आहे. एकाने पाहिलेलं दुसऱ्याशी जुळत नाही, तारखा मागेपुढे होतात, काहींचं दुःख तर काहींची सारवासारव. नाउमेंको स्वतः जर्मनांच्या बाजूने असलेल्या कोसॅक नेतृत्वातले, तेव्हा तटस्थता मागू नये. पण नंतरचा प्रत्येक इतिहासकार याच विहिरीचं पाणी प्यायला आहे.

क्रास्नोव्हचं प्रकरण याहून विलक्षण. हा जनरल आणि कादंबरीकार एकाच देहात. त्याची ‘फ्रॉम डबल ईगल टु रेड फ्लॅग’ ही अवाढव्य कादंबरी १९२० च्या दशकात अमेरिकेत इंग्रजीतून खपत होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ती अजूनही सापडते. १९४५ मध्ये मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात या पंच्याहत्तरीतल्या म्हाताऱ्याची आणि त्याच्या नात्यातल्या तरुण निकोलायची शेवटची भेट झाली ती न्हाणीघरात. म्हाताऱ्याला अंघोळ घालायला मदत म्हणून पोराला आत सोडलं होतं. साबण लावता लावता आजोबांनी बजावलं : तू जगणार आहेस, सगळं ध्यानात ठेव आणि बाहेर पडलास की लिही. आजोबा जानेवारी १९४७ मध्ये फासावर गेले. पोराने दहा वर्षं गुलागमध्ये काढली, १९५५ मध्ये सुटला, लिहिलं आणि १९५९ मध्ये अर्जेंटिनात वारला. रशियन पुस्तक १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालं होतं. ‘द हिडन रशिया’ हा इंग्रजी अवतार १९६० मध्ये न्यू यॉर्कच्या हेन्री होल्टने काढला. या सबंध यादीतून एकच पुस्तक उचला म्हटलं तर मी डोळे मिटून हे उचलीन. इतिहास म्हणून नाही, माणसासाठी.

ओक ट्री रोडपासून तासाभरावर

न्यू जर्सीतली मराठी मंडळी ओक ट्री रोडवर वाणसामान भरतात. तिथून गाडीने तासाभराच्या आसपास हॉवेल नावाचं गाव लागतं आणि त्यातल्या फ्रीवुड एकर्स भागात एक बौद्ध मंदिर आहे. ते तिबेटी लोकांनी बांधलेलं नाही, काल्मिकांनी बांधलंय.

काल्मिक म्हणजे कॅस्पियन समुद्राजवळच्या गवताळ प्रदेशातले मंगोल वंशाचे बौद्ध. त्यांच्यातला एक गट पिढ्यान्‌पिढ्या डॉन कोसॅकांच्या जथ्यात होता. म्हणजे गळ्यात बुद्धाचा ताईत आणि कमरेला कोसॅक तलवार! १९४२ मध्ये जर्मनांनी काल्मिक घोडदळही उभं केलं. त्याचा प्रमुख ‘डॉक्टर डॉल’ या टोपणनावाने वावरायचा. स्टालिनने डिसेंबर १९४३ मध्ये आख्ख्या काल्मिक जमातीला उचलून सायबेरियात टाकलं, त्यात लाल सेनेसाठी लढणाऱ्यांचीही घरं होती. जे जर्मनीत पोहोचले ते निर्वासित छावण्यांत अडकले.

अमेरिका त्यांना घेईना, कारण तेव्हाच्या कायद्यात आशियाई वंशाच्या माणसाला दार जवळजवळ बंद. मग १९५१ मध्ये ॲटर्नी जनरलने निर्णय दिला की काल्मिक हे कायद्यापुरते ‘गोरे’ आहेत. चेहरा मंगोल, धर्म बौद्ध, कागदावर गोरे! नाझींनी कोसॅकांना गॉथ ठरवलं त्याला दहा वर्षंही झाली नव्हती.

इथे भारतीय वाचकाला भगतसिंग थिंद आठवल्याशिवाय राहणार नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची वर्दी घातलेला हा पंजाबी. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ‘गोरा’ नाही म्हणून त्याचं नागरिकत्व नाकारलं. अमेरिकेसाठी वर्दी घातलेला बाहेर. आणि ज्यांच्यातल्या काहींनी शत्रूची वर्दी घातली होती, ती जमात आत. काल्मिकांचा हेवा करायचं कारण नाही, छावण्यांत त्यांनी भोगलं ते पुरे होतं; पण कायद्याच्या रंगांधळेपणाचं हे उदाहरण जवळ ठेवण्यासारखं आहे.

हॉवेलमध्येच गेशे वांग्याल हे काल्मिक लामा १९५५ मध्ये आले, १९५८ मध्ये त्यांनी मठ काढला. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत रॉबर्ट थर्मन होते, म्हणजे उमा थर्मनचे वडील. वाचायचं तर पॉला रुबेल यांचं ‘द काल्मिक मंगोल्स’ (१९६७) वसाहतीबद्दल, आणि जर्मन येत असेल तर योआखिम हॉफमन यांचं १९७४ चं पुस्तक घोडदळाबद्दल.

आणखी थोडं दक्षिणेला फोर्ट डिक्स. जर्मन वर्दीत पकडलेले दीडशेवर सोव्हिएत कैदी इथे ठेवले होते, सगळेच कोसॅक नव्हेत. २९ जून १९४५ ला त्यांना परत पाठवायला काढलं तेव्हा त्यांनी दंगल केली, अश्रुधूर सोडावा लागला, तिघांनी गळफास घेतला. म्हणजे हे पाप एकट्या इंग्रजांचं नाही. मार्क एलियट यांचं ‘पॉन्स ऑफ याल्टा’ (इलिनॉय विद्यापीठ, १९८२) अमेरिकेच्या वाट्याचा हिशेब शांतपणे मांडतं. शांतपणा या विषयात दुर्मिळ.

पंधरा लाख पौंडांचं प्रकरण

अशांत बाजू हवी तर निकोलाय टॉलस्टॉय. होय, ‘वॉर अँड पीस’वाल्याच घराण्यातले. त्यांचं ‘व्हिक्टिम्स ऑफ याल्टा’ (१९७७) अमेरिकेत ‘द सीक्रेट बिट्रेयल’ नावाने निघालं. दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवू नका. ते वाचनीय आहे आणि पुष्कळसं टिकून आहे. पुढे मात्र त्यांनी एका ब्रिटिश अधिकाऱ्यावर, नंतरच्या लॉर्ड ऑल्डिंग्टनवर, युद्धगुन्हेगारीचा आरोप केला. १९८९ मध्ये लंडनच्या कोर्टाने बदनामीपोटी पंधरा लाख पौंडांची भरपाई ठोठावली. १९९५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही रक्कम अवाच्या सवा असल्याचं म्हटलं. दुसरी बाजू क्रिस्टोफर बुकर यांच्या ‘अ लुकिंग-ग्लास ट्रॅजेडी’ (१९९७) मध्ये आहे. बुकर आधी टॉलस्टॉयच्या बाजूचे होते, कागद तपासता तपासता पलटले.

कादंबरीत जास्त रमणाऱ्यांनी इटालियन क्लाउडिओ माग्रिस यांची ‘इन्फरन्सेस फ्रॉम अ सेबर’ घ्यावी. छोटीशी, एका बैठकीत संपणारी. हिटलरने कोसॅकांना इटलीतला कार्निया हा डोंगराळ भाग ‘तात्पुरती मायभूमी’ म्हणून दिला होता. क्रास्नोव्ह मॉस्कोत फासावर गेल्याचं जगजाहीर झाल्यावरही कार्नियातले लोक सांगत राहिले की तो इथेच मारला गेला, त्याची तलवार इथल्याच थडग्यात सापडली. पुरावा समोर असताना माणसं दंतकथेलाच का धरून राहतात, याचा माग्रिस विचार करतात.

सर्कशीतले तोतये

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला लागून बफेलो बिलचा ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ चालू होता. त्यात घोड्यावर उभं राहून तलवार फिरवणारे ‘रशियन कोसॅक’ हे मोठं आकर्षण. प्रत्यक्षात ते कोसॅक नव्हतेच, जॉर्जियातल्या गुरिया प्रांतातले शेतकरी-घोडेस्वार होते. इराक्ली माखाराद्झे यांनी त्यांच्यावर सचित्र पुस्तक लिहिलंय, मॅकफार्लंडने २०१५ मध्ये काढलेलं. जर्मन वर्दीच्या गडद पानांनंतर उतारा म्हणून छान.

शोधायचं कसं

अमेरिकेत राहत असाल तर पुस्तक विकत घेण्याआधी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जा आणि इंटरलायब्ररी लोन मागा. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं पुस्तक तुमच्या गल्लीत येतं, बहुधा फुकट. वर्ल्डकॅटवर आधी पाहून ठेवा, कुठे प्रत आहे ते कळतं. मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरलात तर डीके ३५ या क्रमांकाच्या फळीसमोर उभे राहा, कोसॅक तिथे असतात. जर्मन सैन्यातले मात्र महायुद्धाच्या फळ्यांवर विखुरलेले. रशियन निर्वासितांची हस्तलिखितं हवी असतील तर कोलंबिया विद्यापीठाचं बाख्मेतेफ अभिलेखागार आणि स्टॅनफर्डमधलं हूवर. चकचकीत मुखपृष्ठ, पानोपानी बिल्ले आणि टोप्यांचे फोटो, टिपा शून्य, अशी पुस्तकं गणवेशाच्या शौकिनांसाठी असतात. फोटो बघायला बरी.

आणि निळ्या वर्दीतला कोसॅक

परक्या सैन्यातला कोसॅक म्हणजे जर्मन सैन्यातलाच असं कुठे आहे? इव्हान तुर्चानिनोव्ह, डॉन कोसॅकांच्या घरातला, झारच्या सैन्यात कर्नल. १८५६ मध्ये बायको नादेझ्दासह अमेरिकेत आला, जॉन तुर्चिन झाला, शिकागोत इलिनॉय सेंट्रल रेल्वेत नोकरीला लागला. यादवी युद्धात उत्तरेच्या १९व्या इलिनॉय पलटणीचा कर्नल बनला. मे १८६२ मध्ये अलाबामातल्या अथेन्स गावात त्याच्या शिपायांनी लूटमार केली आणि त्याने डोळेझाक केली म्हणून कोर्ट मार्शल झालं. अध्यक्षस्थानी जेम्स गारफिल्ड, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. आरोपांत एक असाही, की नियम मोडून बायकोला छावणीत बरोबर ठेवतो. त्याला दोषी ठरवून बडतर्फीची शिक्षा झाली खरी, पण तोवर लिंकनने त्याला ब्रिगेडियर जनरल करून टाकलं होतं आणि सिनेटने शिक्कामोर्तबही केलं होतं. झाली की नाही पंचाईत! बडतर्फ कर्नल म्हणून गेलेला माणूस जनरल म्हणून परतला आणि चिकमॉगा, मिशनरी रिज या लढाया गाजवून आला. गुलामांच्या मालकांशी गोडीगुलाबी कशाला, हा त्याचा सवाल उत्तरेत तेव्हा बऱ्याच जणांना पटू लागला होता. अथेन्समध्ये ज्यांच्या घरांची लूट झाली त्यांना अर्थात नाही.

त्याच्यावरचं पुस्तक म्हणजे ब्रॅडली आणि डाहलेन यांचं ‘फ्रॉम कन्सिलिएशन टु कॉन्क्वेस्ट’ (अलाबामा विद्यापीठ, २००६). त्याने स्वतः चिकमॉगाच्या लढाईवर १८८८ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, नकाशांसकट. पण त्याआधी बाईसाहेबांची रोजनिशी मिळवा. छावणीत बसून त्यांनी ती फ्रेंचमध्ये लिहिली; मे १८६३ ते एप्रिल १८६४ पर्यंतचा भाग १९७७ मध्ये इलिनॉयच्या इतिहास संस्थेच्या नियतकालिकात इंग्रजीतून आला. नवऱ्याच्या वरिष्ठ जनरलांना त्यांनी एकेक करून असं सोलून काढलंय, की कोर्ट मार्शलवाल्यांना या बाई छावणीत का नको होत्या ते लगेच उमगतं.